पंधरवड्याची चिठ्ठी

दुकानात त्याला सगळे ‘भिंग’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षं तो मागच्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा फ्रेममध्ये बसवत होता. पुढे आरसे, दिवे आणि गिऱ्हाईकं. मागे एक टेबल, पाण्यावर चालणारं काचा घासायचं यंत्र, काड्या वाकवायला गरम मण्यांचा डबा. मधल्या भिंतीला एक फट होती. त्या फटीतून काउंटरवाली बोटभर रुंदीची चिठ्ठी आत सरकवी : उजवा डोळा, डावा डोळा, दोन बाहुल्यांमधलं अंतर. गिऱ्हाईक कधी आत येत नसे. काचेचा मधला बिंदू बाहुलीसमोर आणायचा, एवढंच त्याचं त्या माणसाशी नातं. बिंदू मिलिमीटरभर सरकला, तर माणूस आठवड्याने डोकं धरून परत येतो. त्याची माणसं परत येत नसत.

“भिंग, आहात का गेलात?” काउंटरवाली फटीतून विचारी.

“थांबा, बघून सांगतो.”

हा विनोद त्यांनी अकरा वर्षं वापरला होता. अजून टिकून होता.

घरी तो मामा होता. तेही अलीकडचं. एका मंगळवारी दुपारी दुकानात फोन आला. धाकट्या बहिणीच्या घराचं दार शेजाऱ्यांनी तोडलं होतं. बहीण झोपेच्या गोळ्या घेऊन पडली होती, मेली नव्हती. तिची सहा वर्षांची मुलगी दोन दिवस तिच्या शेजारी बसून कोरडा पाव खात होती. मुलीचा बाप कुठे असतो हे कोणाला माहीत नव्हतं, आणि कोणी फारसं विचारलंही नाही. बालकल्याण कार्यालयातल्या बाईंनी फोनवर विचारलं, “तुम्ही किती दिवस सांभाळू शकाल?” तो म्हणाला, “हातातली जोडी संपवून येतो.” तेच उत्तर धरलं गेलं. त्याला अडीच वर्षं झाली.

मुलगी आली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत दोन वेगवेगळ्या जोड्यांचे बूट. ती रडत नव्हती, बोलत नव्हती, हळूहळू खात होती. एक उकडलेलं अंडं संपवायला तिला पाऊण तास लागे. मामा तिला गोगलगाय म्हणू लागला. बाकी लाड त्याला येत नव्हते.

बहिणीला घरात बारकी म्हणत. ती अडतीस वर्षांची झाली तरी बारकीच राहिली. इस्पितळातून ती दुसऱ्या भागातल्या एका खोलीत राहायला गेली. तिथून दर पंधरा दिवसांनी, शनिवारी अकरा ते बारा, कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर तिने मुलीला भेटायचं असं ठरलं. खोलीत एक सोफा होता, आणि एक टोपली. टोपलीतलं प्रत्येक खेळणं दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाने अर्धं मोडलेलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर कार्यालयाच्या बाई मांडीवर कागद घेऊन बसत. मुलगी त्यांना भेटबाई म्हणे. पुढे मामाही म्हणू लागला.

नियम सरळ होते. मामाने मुलीला दारापर्यंत आणायचं आणि बाहेरच्या बाकावर बसायचं. बारकीने एरवी मुलीला भेटायचं नाही, तिच्या शाळेजवळ, घराजवळ फिरकायचं नाही. मुलीविषयी काही सांगायचं असेल तर मामाने भेटबाईंना सांगायचं आणि त्यांनी त्यातलं योग्य ते आईला. बहीणभावांनी आपसात मुलीविषयी बोलायचं नाही. अशा बोलण्यातून भांडणं होतात, असा कार्यालयाचा अनुभव होता. या दोघांनी आयुष्यात कधी भांडण केलं नव्हतं. भांडायलाही काही बोलावं लागतं.

दाराला छातीच्या उंचीवर एक काच होती. बाकावरून त्याला तिघींची डोकी दिसत आणि बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येई.

“शाळा कशी आहे?”

“बरी.”

“अभ्यास करतेस ना?”

“हो.”

“मामा कसा आहे?”

“बरा.”

मग बारकी पुन्हा विचारी, “आणि शाळा?” तिला दुसरं काही सुचत नसे. ज्या मुलीशी ती बोलत होती तिच्या दिवसात काय काय असतं, हे तिला कुठून कळणार? मुलगी मोडक्या घोड्याची शेपटी आतबाहेर करत राही. भेटबाई लिहीत.

अशा बऱ्याच भेटी गेल्यावर भेटबाईंनी मामाला बाजूला घेतलं. “हे असंच चाललं तर भेटी दोन महिन्यांतून एकदा करायचा विचार आहे. मुलीला उगाच ताण. तुम्हाला काय वाटतं?”

“मला?” मामा म्हणाला. “मला बाकावरून काय कळणार.”

“तरी?”

“दोन महिन्यांनी त्या एकमेकींना ओळखतील ना?”

भेटबाईंनी तेही लिहून घेतलं.

त्या आठवड्यात मुलीचा दात पडला. मामा काम करता करता थांबला आणि त्याने चष्म्याच्या एका रद्द चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं : ‘दात. वरचा, उजवीकडचा. मंगळवारी, शाळेत. गिळला असं तिला वाटतं. दप्तरात सापडला आहे. मी अजून बोललो नाही.’ त्याला लिहायची सवय याच चिठ्ठ्यांची होती, म्हणून तेही तसंच उतरलं.

बारकीचा नंबर उणे अकरा. तिचे चष्मे लहानपणापासून तोच बनवत आला होता. भेटीच्या दारात ती तिची चष्म्याची डबी त्याला देई आणि तो नवं फडकं घातलेली दुसरी डबी तिला देई. हे भेटबाईंना माहीत होतं. भाऊच चष्मेवाला म्हणजे बरंय हो, असं त्या एकदा म्हणाल्याही होत्या. त्या शनिवारी फडक्याखाली चिठ्ठी होती. बारकी डबी घेऊन प्रसाधनगृहात गेली, चार मिनिटांनी परत आली.

“दाखव बघू, आ कर,” बारकी म्हणाली.

मुलीने शेपटी हातातच धरून आ केला. मग म्हणाली, “तुला कसं कळलं?”

“आईला कळतं.”

बाकावर बसलेल्या मामाने ते ऐकलं. त्याला ते वाक्य चांगलं वाटलं. त्या दिवशी मुलगी चाळीस मिनिटं बोलली.

मग दर पंधरवड्याला चिठ्ठी जाऊ लागली. वाचून झाली की बारकी ती जुन्या डबीत घालून पुढच्या वेळी परत करी, आणि मामा ती टेबलाच्या खणात टाकी. आधी दोन ओळी असत. मग पाठपोट. मग एका चिठ्ठीला दुसरी चिकटवलेली. तोंडाने दिवसाकाठी वीस वाक्यं बोलणारा माणूस कागदावर सुटला होता. ‘बाकावरच्या मैत्रिणीशी अबोला. कारण पेन्सिल. चूक मैत्रिणीची, पण ही हट्टी आहे, तुझ्यावर गेली आहे.’ ‘तेराचा पाढा येत नाही, येतो म्हणते.’ ‘तुझा चष्मा नाकावरून घसरतो आहे, पुढच्या वेळी गाद्या बदलू.’ एकदा लिहिलं होतं : ‘काल मला चुकून आई म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तुला सांगावं की नाही ते कळत नव्हतं.’

त्या शनिवारी बारकीला प्रसाधनगृहातून यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. भेटीत तिने त्याविषयी काही विचारलं नाही.

भेटबाईंच्या कागदावर आता ‘संवाद उत्तम’ असं येऊ लागलं. ‘आईला मुलीच्या दैनंदिन आयुष्याची चांगली जाण आहे.’ दोन महिन्यांचा विचार मागे पडला. वर्ष गेलं.

मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर, एक खिडकी. खिडकीसमोर रस्ता आणि पलीकडे बसथांबा. मुलगी खिडकीशी बसून अभ्यास करू लागली होती. त्याला वाटलं, उजेड असतो म्हणून. चित्र काढून झालं की ती ते काचेला टेकवून धरी, थोडा वेळ, बाहेरच्या बाजूला तोंड करून. त्याला वाटलं, वाळवते आहे. संध्याकाळी तो पडदा ओढायला गेला की ती म्हणे, “राहू दे.”

“समोरच्यांना सगळं दिसतं.”

“दिसू दे की.”

अंडंही आता ती खिडकीकडे तोंड करून खाई, आणि जरा लवकर संपवी. मामाला बरं वाटलं. मूल सुधारतं आहे, असं त्याने चिठ्ठीत लिहिलं.

एकदा तिच्या हातून कप फुटला. तुकडे तिने वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली सरकवले. झाडताना ते मामाच्या हाती लागले. तो तिला काही बोलला नाही, चिठ्ठीत लिहिलं. शनिवारी बारकी हसून म्हणाली, “कप फुटला तर फुटला गं. लपवायचं कशाला?” मुलीचा चेहरा पांढरा पडला. काचेतून मामाला तो दिसला. लाजली असेल, असं त्याला वाटलं.

घरी येऊन मुलगी कपड्यांच्या कपाटात शिरली आणि दार आतून ओढून घेतलं.

“आत काय करतेस?”

“काही नाही. बसलेय.”

“किती वेळ?”

“थोडा वेळ.”

त्यानंतर ती रोज बसू लागली. अर्धा तास, कधी जास्त. घरात खिडकीतून न दिसणारी तेवढीच जागा होती. पण हे मामाच्या डोक्यात यायला अजून वेळ होता. पुढच्या चिठ्ठीत त्याने कपाटाचंही लिहिलं. आणि बारकीने, काळजीच्या आवाजात, मुलीला जवळ घेऊन विचारलं, “कपाटात का बसतेस गं सोन्या?”

मुलगी तिच्या हातातून सुटली, कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी गेली आणि भेटबाईंना म्हणाली, “आई रोज येते. खिडकीतून बघते. कपाटात पण बघते.”

भेटबाईंनी पहिली दोन वाक्यं लिहून घेतली. तिसरं लिहिलं नाही.

सोमवारी मामाला कार्यालयात बोलावणं आलं. भेटबाईंच्या टेबलावर काचेखाली बऱ्याच मुलांचे फोटो दाबून ठेवलेले होते.

“तुमची बहीण घराजवळ येते?”

“नाही.”

“तुम्ही दिवसभर दुकानात असता ना?”

“हो.”

“मग नाही कसं म्हणता?”

मामा म्हणाला, “तिचा नंबर उणे अकरा आहे. बसथांब्यावरून तिला तिसऱ्या मजल्यावर खिडकी आहे एवढं दिसेल. खिडकीतलं माणूस दिसणार नाही.”

“चष्मा लावूनही?”

“इतक्या जाड काचेतून सगळं लहान दिसतं, बाई. मुलगी तिथून तिला ठिपक्याएवढी दिसेल. काचा मीच बसवतो.”

“मग मुलीला असं का वाटावं? कप, कपाट, हे त्या घरात आल्याशिवाय आईला कळेल कसं?”

मामाने खाली काचेतल्या फोटोंकडे पाहिलं. उत्तर त्याच्या तोंडात होतं. ते तसंच राहिलं.

“चौकशी होईपर्यंत भेटी बंद,” भेटबाई म्हणाल्या. “ती नियम मोडते असं ठरलं, तर पुढेही बंदच. मला आनंद नाही होत यात.”

“नाही,” मामा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुकानात फटीतून काउंटरवालीचा आवाज आला. “भिंग, बाहेर या. एक बाई म्हणतात, ज्याने बसवला त्यालाच दाखवणार. तुमचे हात काय सोन्याचे आहेत का हो?”

“थांबा, बघून सांगतो,” म्हणत तो बाहेर आला. बारकी आरशासमोरच्या स्टुलावर बसली होती.

“स्क्रू ढिला झालाय,” ती म्हणाली. स्क्रू ढिला नव्हता. त्याने चष्मा काढून घेतला आणि लहान पेचकस लावला. चष्मा काढला की बारकीचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसे. समोर कोण आहे तेही तिला नीट दिसत नसे.

“दादा, मी कधी गेले नाही रे तिकडे,” ती हळू म्हणाली. “त्या रस्त्याने जाणारी बससुद्धा धरत नाही.”

“माहीत आहे.”

“मग तिला असं कसं वाटलं?”

“चिठ्ठ्यांमुळे.”

बारकी म्हणाली, “पहिल्यांदा मीच म्हटलं ना. आईला कळतं म्हणून.”

“कप मी लिहिला. कपाटही.”

“त्यांना सांगू नकोस हं. तुझ्याकडून नेतील तिला. वसतिगृहात घालतील. नियम तू मोडलास असं होईल.” तिने स्टुलाची कड धरली. “मी थांबेन. त्यांना वाटू दे मी गेले होते. एक वर्ष थांबेन, दोन थांबेन.”

“गोळ्या?”

“बंद आहेत. चौदा महिने.”

त्याने चष्मा पुसला, तिच्या नाकावर ठेवला, दोन्ही कानांमागे बोट फिरवून काड्या बसल्या का ते पाहिलं. “खाली बघ. वर बघ. घसरतो?”

“नाही.”

“मग ठीक आहे.”

बारकी जुनी डबी त्याच्या हातात देऊन गेल्यावर काउंटरवाली म्हणाली, “गिऱ्हाईक रडत गेलं हो. एवढा घट्ट कशाला करायचा स्क्रू?”

“जुनं गिऱ्हाईक आहे,” मामा म्हणाला आणि आत गेला. त्या दिवशी त्याने नऊ जोड्या बसवल्या.

हे असंच राहू द्यायचं, असं त्याने ठरवलं. म्हणजे काहीच ठरवलं नाही, आणि दिवस जाऊ लागले. बहीण थांबायला तयार होती, मुलगी त्याच्याकडे राहणार होती, कोणाला काही सांगायचं नव्हतं. त्याच्या आत यावर कुठलीच हालचाल नव्हती. यंत्र बंद केल्यावर काच ओली राहते, तसं काहीतरी.

भेटीच्या शनिवारी मुलगी सवयीने बूट घालून दारात उभी राहिली.

“आज भेट नाही,” मामा म्हणाला. “काही दिवस नाही.”

तो तिच्या रडण्याची वाट पाहत थांबला. मुलगी बूट काढू लागली. “चालेल,” ती म्हणाली. “इथून बघतेच की ती.”

मग तिने तेराच्या पाढ्याची वही उचलली, खिडकीपाशी गेली आणि वही काचेला टेकवून धरली. पलीकडे बसथांब्यावर एक म्हातारा माणूस पिशवीत काहीतरी शोधत होता. मामा तिच्या मागे उभा होता. चित्र, पडदा, अंडं, कपाट. दोन बिंदू एका रेषेत यावेत तसं ते सगळं त्याच्यासमोर आलं. तिला आता भेटीची गरज नव्हती. तिला आई मिळाली होती. रोज येणारी, न बोलणारी, सगळं पाहणारी. ती त्याने बनवली होती, पेन्सिलीने.

सोमवारी तो खणातल्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन कार्यालयात गेला. भेटबाई होत्या, त्यांचे साहेब होते, आणखी एक लिहून घेणारे होते. मामाने चिठ्ठ्या टेबलावर तारखेप्रमाणे लावल्या. अठ्ठावीस. एका बाजूला कुणाचे तरी डोळे, दुसऱ्या बाजूला मुलगी.

“ती घराजवळ आली नाही,” तो म्हणाला. “मी लिहून दिलं.”

तिघे वाचू लागले. बराच वेळ वाचत होते. साहेब मध्येच एका चिठ्ठीवर थांबले आणि त्यांनी ती भेटबाईंकडे सरकवली. ती चुकून आई म्हटल्याची, हे मामाला कागदाच्या कोपऱ्यावरून कळलं. भेटबाईंनी वाचून ती उलटी करून ठेवली. उजवा डोळा उणे दोन, डावा डोळा उणे सव्वादोन.

“हे मला का नाही सांगितलंत?” भेटबाई म्हणाल्या. “मी तिला सांगितलं असतं ना. तेच माझं काम आहे.”

“तुमच्या कागदावर मामाने सांगायला चारच ओळींची जागा असते.”

“तुम्ही एका मुलीच्या मनात काय घालून ठेवलंत याची कल्पना आहे का?” साहेबांनी विचारलं.

“शनिवारपासून आहे.”

“आणि मुलगी तुमच्याकडून काढून घ्यावी लागली तर?”

मामाने चिठ्ठ्या आणलेल्या रिकाम्या पाकिटाची घडी केली. “तिला अंडं खायला वेळ लागतो,” तो म्हणाला. “तेवढं तिथल्या लोकांना सांगा.”

निर्णय यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस तो कामावर गेला, परत आला, अंडं उकडलं. पत्र आलं ते दीड पानी होतं. मुलगी मामाकडेच राहील, सहा महिने देखरेखीखाली. भेटी पुन्हा सुरू, पहिल्यासारख्याच. डब्यांची देवाणघेवाण बंद. मामाने भेटीच्या वेळी इमारतीच्या बाहेर थांबायचं. आईला मुलीविषयी तोंडी किंवा लेखी काहीही कळवायचं नाही. आणि झाला प्रकार मुलीला त्याने स्वतः, पहिल्या भेटीआधी समजावून सांगायचा.

त्याने ते जेवणाच्या टेबलावर सांगितलं. समजावून कसं सांगतात हे त्याला माहीत नव्हतं.

“आई खिडकीतून बघत नव्हती.”

“बघते.”

“नाही. मी तिला लिहून द्यायचो. डबीत.”

मुलगी चावायची थांबली. “दात?”

“मी.”

“कप?”

“मी.”

“कपाट?”

“तेही मीच.”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडेही नाही. ताटाकडे पाहत होती. “मग खिडकीत कोण होतं?”

“कोणी नव्हतं.”

“कधीच?”

“कधीच.”

“मी पाढे दाखवले तेव्हा?”

“तेव्हा बसथांबा होता.”

तिने अंडं संपवलं. पाऊण तास लागला. मामा समोर बसून राहिला, कारण उठायला काही कारण नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “आता डबी देणार?”

“नाही. बंदी आहे.”

“म्हणजे आईला काहीच कळणार नाही.”

“तू सांगशील तेवढंच कळेल.”

तिने मान हलवली आणि ताट उचललं.

पहिल्या शनिवारी भेटबाई खाली दारापर्यंत आल्या आणि मुलीला घेऊन गेल्या. मामा रस्त्याच्या पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. वरच्या खोलीची खिडकी तिथून दिसत होती; आतलं काही दिसत नव्हतं. अकराच्या थोडं आधी बारकी आली. तिने त्याला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. मोकळा हात तिने उचलला, कदाचित चष्मा सारखा करायला, आणि ती आत गेली.

बारा वाजता मुलगी खाली आली. दोघं चालू लागले. गाड्या जात होत्या. चौकात थांबावं लागलं.

“बोललात?” मामाने विचारलं.

“हो. खूप.”

“काय विचारलं तिने?”

“तिला काहीच माहीत नव्हतं,” मुलगी म्हणाली. “सगळं विचारत होती. सुट्टीत काय केलंस, नवीन काय शिकलीस.” तिने चौकातल्या दिव्याकडे पाहिलं. “मी सांगितलं, मला पोहता येतं.”

मामाने तिच्याकडे पाहिलं. मुलीने कमरेइतकं पाणीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

“मग?”

“शाबास म्हणाली.”

दिवा बदलला. त्यांनी रस्ता ओलांडला.

“आणि मांजर पाळलंय असं सांगितलं. कुठला रंग विचारलं तिने. म्हटलं, राखाडी. रात्री पायाशी झोपतं.”

“पुढच्या वेळी ती मांजराचं विचारील.”

“विचारू दे.”

“मग काय सांगशील?”

“तोपर्यंत सुचेल.”

भेटबाईंनी आज काय लिहिलं असेल हे मामाला ठाऊक होतं. संवाद उत्तम. बारकी आता आपल्या खोलीवर जाऊन पंधरा दिवस त्या मांजराचा विचार करणार होती. त्याला सांगता आलं असतं, दोन ओळींत. पोहणं नाही. मांजर नाही. शेवटी सही नसली तरी तिला कळलं असतं.

मुलगी दोन पावलं पुढे गेली होती. ती थांबली आणि मागे वळली. “तू तिला सांगणार नाहीस ना?”

“मला परवानगीच नाही.”

तिने ते नीट ऐकून घेतलं.

“बरं आहे,” ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली, नेहमीपेक्षा जरा भरभर.